आरशात उरलेली माणसं

'छातीत कळ येतेय, डावा हात जड झालाय,' अशी अक्षरं पडद्यावर उमटली, तेव्हा शलाका सामंत डब्यातलं घावन चटणीत बुडवत होती. तिनं घास तोंडात टाकला आणि दुसऱ्या हातानं उत्तर पाठवलं, 'घाबरू नका. कधीपासून होतंय?'

समोरच्या गृहस्थांचं नाव होतं विष्णू कांदळगावकर. साठी उलटलेली, घरी एकटेच, बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. ते घाबरले होते. गावाचं नाव लिहायच्या चौकटीत दोनदा चुकले, मग चिडले, मग बराच वेळ काहीच लिहिलं नाही. शलाकानं घावन संपवलं. विष्णूरावांकडून शेवटपर्यंत काही आलं नाही. 'गावाच्या चौकटीत अडकले. मृत्यू,' अशी नोंद तिनं केली, डबा धुतला आणि पुढचा माणूस घेतला.

विष्णू कांदळगावकर नावाचा माणूस कुठेच नव्हता. त्यांची लेक नव्हती, तिचं बाळंतपणही नव्हतं.

'हाक' हे सागरतट आरोग्य मंडळाचं संकेतस्थळ. खाडीकाठच्या, डोंगरातल्या, कुठल्याही वाडीतल्या माणसाला काही झालं की त्यानं फोनवर हाक उघडायची आणि काय होतंय ते सांगायचं. पलीकडे डॉक्टर असत, रुग्णवाहिका असत आणि औषधाची पेटी घेऊन उडणारी ड्रोन असत. ड्रोनला सगळे 'घार' म्हणत. गाडीला वळणं घेत पोचायला तास लागायचा, तिथं घार खाडीवरून सरळ जाऊन काही मिनिटांत पेटी अंगणात ठेवायची.

असल्या संकेतस्थळावर एखादं बटण इकडचं तिकडे करायचं म्हटलं तरी सगळे दहादा विचार करत. कापडाच्या दुकानाचं पान असेल तर निम्म्या गिऱ्हाइकांना जुनं दाखवा, निम्म्यांना नवं दाखवा, कुठल्या पानावर लोक अडखळतात ते बघा, झालं काम. अडखळलेल्या माणसाचा फार तर एक शर्ट घ्यायचा राहतो. इथं अडखळलेला माणूस जीव गमावून बसणार. जिवंत पानावर जिवंत माणसांची परीक्षा घ्यायची कशी?

यावर मंडळातल्या इम्तियाज दलवाईनं उपाय काढला होता. मंडळाकडे वर्षानुवर्षांच्या हाका साठलेल्या होत्या. त्यांतली नावं-गावं पुसून त्यानं त्या एका यंत्राला वाचायला दिल्या. घाबरलेला माणूस कसं लिहितो, त्याचं बोट कुठे घसरतं, तो किती वेळ गप्प बसतो, शिवी कधी घालतो, हे सगळं यंत्र शिकलं आणि त्या मुशीतून नवी माणसं ओतू लागलं. प्रत्येकाला नाव, वय, दुखणं, स्वभाव, बोली. त्यांना इम्तियाज छायाजन म्हणायचा. हाकेची हुबेहूब दुसरी प्रत करून त्यांना तिच्यात सोडलं जाई. त्या प्रतीचं नाव आरसा. पानावरचा कुठलाही बदल आधी आरशात व्हायचा, हजारो छायाजन त्या पानावर धडपडायचे, मरायचे, वाचायचे, आणि सगळं सुरळीत आहे अशी खात्री पटली की मगच तो बदल जिवंत पानावर जायचा.

छायाजनांना आपण खोटे आहोत हे ठाऊक नसे. 'तुम्ही खरे आहात ना?' असं विचारलं तर ते भडकत. ते खोटे असल्याची कसलीही खूण इम्तियाजनं ठेवली नव्हती, आणि तेही मुद्दाम. "खूण दिसली की तपासणारा जांभया देतो," असं त्याचं म्हणणं.

पण शलाका जांभया द्यायला शिकलीच. पहिल्या महिन्यात विहिरीत पडलेल्या एका पोरीसाठी ती स्वच्छतागृहात जाऊन रडली होती. सहा महिन्यांनी तशाच पोरीच्या वेळी तिनं चहा मागवला. यात तिचा दोष होता असं नाही. दिवसभर ज्याच्या कानावर किंकाळ्या पडतात आणि प्रत्येक किंकाळी खोटी निघते, त्याच्या कानाला घट्टे पडायचेच.

हे घट्टे ऑफिसात काढून ठेवता येत नाहीत, ते तिला उशिरा कळलं.

तिची मुलगी अबोली अकरावीत होती. नवरा जयंत बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात, त्यामुळे कुडाळच्या त्या दोन खोल्यांत मायलेकी दोघीच. एका संध्याकाळी शलाका भाजी चिरत असताना अबोली ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हल्ली वर्गात बसलं ना, की धडधडतं. हात गार पडतात."

"कधीपासून?" शलाकानं विचारलं. सुरी चालूच होती.

"झाले पंधरा-वीस दिवस."

"एका वेळी किती वेळ टिकतं? घाम येतो? त्रास दहापैकी किती?"

शलाकानं वर पाहिलं, तर पोरगी तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती.

"आई, मी आरशातली नाहीये," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

शलाका मागोमाग गेली, जवळ बसली, सॉरी म्हणाली. पण त्या दिवसापासून "काय झालं?" या प्रश्नाला अबोलीचं एकच उत्तर असायचं, "काही नाही." डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक निघालं. वडिलांशी ती फोनवर तासभर बोलायची. आई खोलीत आली की आवाज खाली यायचा.

ऑफिसात तेव्हा मोठ्या बदलाची तयारी चालली होती. विष्णूरावांसारखी माणसं गावाच्या चौकटीत फार अडकत होती, म्हणून चौकटीच काढून टाकायचं ठरलं. नव्या पानावर एकच मोठं लाल वर्तुळ. ते दाबायचं आणि बोलायचं. बोललेलं आपोआप अक्षरांत उतरणार, ठिकाण फोनच कळवणार. जुन्या फोनना हे पान जड जाईल म्हणून त्यांच्यासाठी एक हलकं पान वेगळं बनवलं. महिनाभर आरशात छायाजनांनी ते लाल वर्तुळ दाबलं. कुणी अडकलं नाही. तपासणीच्या अहवालावर शलाकानं सही केली.

गुरुवारी सकाळी बदल जिवंत पानावर गेला. सावधगिरी म्हणून सुरुवात फक्त खाडीपलीकडच्या काही गावांतल्या जुन्या फोनपासून केली होती. दुपारी मंडळाचे प्रमुख प्रभुदेसाई स्वतः तपासणी विभागात आले. सरळ माणूस, आनंद लपवता न येणारा.

"सामंतबाई, अभिनंदन! त्या गावांमधल्या जुन्या फोनवरून अडकलेला माणूस एकही नाही. तक्रार एकही नाही. सगळीकडे शून्य!"

"आणि हाका किती आल्या, सर?"

"हाकाही नाहीत अजून. उन्हं बघा की केवढी आहेत. लोक घरात झोपलेत, बरंच आहे ते."

शलाका हसली. पण ते शून्य तिच्या मनात कुसळासारखं रुतून राहिलं. तशीच ती जागेवर येऊन बसली आणि आरशातला पुढचा माणूस घेतला.

संगीता घाडी, आंबेखोल. जुना फोन. बोललेलं अक्षरांत उमटत होतं.

'माज्या जावेक गांधीलमाशे चावले. काजीच्या बागेत. तोंड सुजला तिचा. लवकर येवा.'

शलाकाची बोटं सवयीनं चालली. 'घाबरू नका. त्या शुद्धीवर आहेत का? श्वास कसा चाललाय?'

'शुद्धीर आसा. श्वास घेवक त्रास होता. घशातसून आवाज येता. गाडी सोडलास काय?'

गांधीलमाशीचं विष कुणाकुणाला असं चढतं की घसा आतून सुजून वाट बंद होते. त्यावर अॅड्रिनलिनची सुई लागते, आणि लागलीच लागते. घारीच्या पेटीत ती तयार असते, टोपण काढून मांडीवर दाबली की झालं. आरशात हे सगळं पाठ झालेलं होतं. 'मदत निघाली आहे,' असं खोटं उत्तर पाठवायचं, मग नवं पान पुढच्या सूचना नीट दाखवतं का ते बघायचं. शलाकानं ते उत्तर लिहिलंही. तेवढ्यात पलीकडून आणखी ओळी आल्या.

'एक सांगू? तिका सांगू नकात मी बोलवलंय म्हणान. आमी बोलनव नाय. कुंपणावरसून भांडाण झाला हा, तीन वर्सां झाली.'

मग लगेच, 'तिका वाटात मी उपकार करतंय.'

शलाकाचा हात थांबला. लिहिलेलं उत्तर तिनं पुसलं.

पलीकडच्या टेबलावर इम्तियाज बसला होता. तिनं त्याला हाक मारली. "इम्तियाज, इकडे ये. हे वाच. ही बाई तुझी आहे का?"

त्यानं वाकून वाचलं. "असेल की. भांडणं असतातच त्यांच्या पोतडीत. जावा, भाऊबंद, कुंपण, सगळं."

"असेल, की आहे?"

इम्तियाज ओशाळून हसला. "शलाका, मला ओळखता येत नाही. ओळखता येऊ नये म्हणून तर तीन वर्षं राबलो मी."

"मग सगळे छायाजन बंद कर. उरेल ती खरी."

"ते एकदम बंद करायचे नसतात गं. प्रत्येकाची कहाणी संपू द्यावी लागते, नाहीतर महिनाभराच्या नोंदी कोसळतात. नोंदी सांभाळून थांबवायचं तर पाऊण तास जाईल." मग तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "आणि खरं माणूस आरशात येईल कसं? दारच नाहीये."

शलाकानं सगळे नियम बाजूला ठेवून सरळ विचारलं, 'ताई, तुम्ही खऱ्या आहात का?'

उत्तर आलं, 'खरी नाय तर काय भूत आसय? बाई मरता हय आनि तुमी असला काय विचारतास? येतास काय नाय ता सांगा!'

छायाजनही असेच भडकत. या उत्तरानं काही सिद्ध होत नव्हतं. आरशात तिला नंबर दिसत नव्हता, आणि आरशातून बाहेर फोन लावायची सोयही नव्हती. तिच्याकडे फक्त अक्षरं होती, आणि ती अक्षरं वाचताना, कितीतरी महिन्यांनी, छातीत काहीतरी हललं होतं. एवढ्यावर घार सोडायची?

सोडणं सोपं नव्हतं. खाडीपलीकडच्या तळावर दोन घारी असत, त्यांतली एक दुरुस्तीला गेली होती. उरलेली एक खोट्या बाईसाठी उडाली आणि त्याच वेळी एखादं खरं माणूस छाती धरून बसलं असलं, तर? दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या विभागातल्या एका तपासनिसाच्या हातून अशी चाचणीची हाक जिवंत बाजूला गेली होती, घार रिकाम्या माळावर उतरली, आणि तेवढ्या वेळात एक म्हातारे गृहस्थ गेले. त्या तपासनिसानं नोकरी सोडली. तो पुढे कुणाशी धड बोलायचा नाही, असं ऐकू येई.

शलाका उठली, टॅब्लेटची पाटी उचलून तिच्यावर संगीताबाईंचं बोलणं उघडं ठेवलं आणि जिन्याकडे धावली. घारी आणि गाड्या सोडणारा रवानगी विभाग खालच्या मजल्यावर होता. जिन्यात तिच्या डोक्यात इम्तियाजचं वाक्य घुमत होतं, दारच नाहीये. आणि मधल्या वळणावर ते कुसळ पुन्हा टोचलं. शून्य. सकाळपासून त्या गावांमधल्या जुन्या फोनवरून एकही हाक नाही, आणि आंबेखोल त्यांतलंच एक. एवढ्या उन्हात, काजूच्या हंगामात, एकाही माणसाला घेरी नाही, विंचू नाही, ताप नाही? झोपलेली गावंसुद्धा इतकी गप्प नसतात. ते हाका मारत असतील तर त्या हाका जातायत कुठे?

दार नव्हतं, हे खरं. पण आज सकाळी आपणच एखादं उघडलं असेल तर?

खात्री करायला वेळ नव्हता. 'आता ती बोलणा नाय,' असं पाटीवर उमटलं होतं.

रवानगीच्या मुख्य टेबलावर पेडणेकर होते, शांत, जाड चष्म्याचे. शलाका धापा टाकत म्हणाली, "आंबेखोलला घार सोडा, नेमकं ठिकाण या पाटीवर आहे. गांधीलमाशी, घसा सुजलाय. अॅड्रिनलिन."

त्यांनी पडद्यावर पाहिलं. "माझ्याकडे अशी हाक नाही."

"आरशात आलीय."

पेडणेकरांनी चष्मा काढला. "बाई, आरशातली हाक म्हणजे..."

"मला माहीत आहे. चुकले तर माझ्या नावावर. माझ्या नावानं नोंद करा आणि सोडा."

"आणि एवढ्यात दुसरीकडून खरी हाक आली तर मी काय सांगू त्यांना?"

ती एवढंच म्हणाली, "काका, ती बाई मला म्हणतेय की जावेला सांगू नका मी बोलावलं म्हणून."

पेडणेकरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग चष्मा लावला आणि घार सोडली.

पुढचा वेळ शलाका त्या टेबलाच्या कोपऱ्याला धरून उभी होती. भिंतीवरच्या नकाशात एक हिरवा ठिपका खाडी ओलांडत होता. ती संगीताबाईंना लिहीत होती. 'त्यांना उताणं झोपवा. पाय उंच करा, उशी नसेल तर टोपली ठेवा. घार येतेय. ही खरंच येतेय.' पलीकडून तुटक तुटक काही येत होतं. टोपली ठेवलंय. ओठ काळे पडले. मनीषा मनीषा. हे शेवटचं बहुधा फोनला नव्हे, जावेला होतं, फोननं नुसतं टिपलं होतं.

ठिपका थांबला. घारीच्या पोटाखालच्या कॅमेऱ्यात काजूची झाडं वर-खाली झाली, मग पाल्यापाचोळ्यानं भरलेली जमीन जवळ आली. चित्र धुळीनं भरून गेलं. धूळ बसली, तेव्हा त्यात एक बाई पदर सावरत, एका पायात चप्पल नसलेली, घारीकडे धावत येताना दिसली.

"देवा," पेडणेकर पुटपुटले.

शलाका भराभर लिहीत होती. 'पिवळी नळी घ्या. निळं टोपण ओढा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, साडीवरूनच, जोरात दाबा आणि धरून ठेवा.' कॅमेऱ्याला आता फक्त पाठ दिसत होती, वाकलेली. ती पाठ बराच वेळ तशीच राहिली. पेडणेकरांनी एव्हाना जवळची रुग्णवाहिकाही काढली होती.

मग अक्षरं आली. 'खोकली. आता श्वास घेता. माका शिवी दिल्यान.'

शलाका खुर्चीत बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण बसून राहायची सवड नव्हती. संगीताबाई खऱ्या असतील तर त्या एकट्याच कशावरून? तिनं वर फोन लावला. "इम्तियाज, कळ दाब. नोंदी गेल्या तरी चालतील. सगळ्यांना थांबव. आत्ता."

इम्तियाजनं एका शब्दानंही वाद घातला नाही. तीन वर्षांची त्याची माणसं त्यानं एका झटक्यात थांबवली. शलाका वर पोचली तेव्हा भिंतीवरचा आरशाचा मोठा पडदा, जिथं एरवी मुंगीला शिरायला जागा नसायची इतक्या ओळी वाहत, तो विझत चालला होता. कळा, ताप, जखमा, बाळंतपणं, एकेक करून सगळं पुसलं गेलं.

आणि त्या काळ्या पडद्यावर तिघं उरली.

एक संगीता घाडी. दुसरा एक तरुण, पोटुशी बायको कळा देत असताना त्यानं दीड तासापूर्वी हाक मारली होती आणि शेवटी 'रिक्षा मिळाली, निघालो' असं सांगून तो गप्प झाला होता. आणि तिसरे एक आजोबा. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं की डोळ्यांचे डॉक्टर सोमवारी बसतात का. कुठल्या तरी तपासनिसाच्या हाताखालून ते सुटले होते, आणि सकाळपासून अधूनमधून, न चिडता, ते एकच शब्द पाठवत होते. हॅलो. हॅलो. हॅलो.

इम्तियाज त्या पडद्याकडे बघत उभा राहिला. "यांच्यातलं एकही मी बनवलेलं नाही," तो हळूच म्हणाला.

तरुणाच्या बायकोचा पत्ता लागायला संध्याकाळ झाली. ती सुखरूप होती, मुलगी झाली होती, रिक्षातच. आजोबांना शलाकानं स्वतः उत्तर दिलं. बसतात, दहा वाजल्यापासून. त्यांचं लगेच आलं, 'आभारी आहे. तुम्हाला फार काम असतं वाटतं.'

चूक शोधायला फार वेळ लागला नाही. जुन्या फोनसाठी केलेलं हलकं पान आरशात घडवलं होतं. त्याच्या लाल वर्तुळामागे आरशाचाच पत्ता लिहिलेला होता आणि जिवंत पानावर जाताना तो बदलायचा राहून गेला. छायाजनांना ही चूक सापडणं शक्यच नव्हतं. ते आरशात जन्मलेले. वर्तुळ दाबलं की आरशात पोचणं हे त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं. हजारो खोट्या माणसांनी महिनाभर जे पान तपासलं, ते चुकीचं आहे हे कळायला त्यावर एका खऱ्या बाईनं बोट ठेवावं लागलं.

चौकशी झाली. बदल सोडायचा आदेश आपला होता असं प्रभुदेसाईंनी स्वतःहून लिहून दिलं. शलाकानं नियम मोडून घार सोडली, याबद्दल समितीत दोन मतं पडली. शेवटी एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "उद्या पुन्हा असं झालं तर त्यांनी काय करावं असं आपल्याला वाटतं?" त्यावर तो विषय तिथंच मिटला.

नियम मात्र बदलले. छायाजनांना आतल्या बाजूनं खूण आली, आणि जिच्यावर खूण नाही अशी हाक आरशात आलीच तर ती त्याच क्षणी जिवंत डॉक्टरांकडे जाऊ लागली. बदल जिवंत पानावर गेला की त्या गावातल्या कुणीतरी खऱ्या बोटानं ते बटण दाबून बघायचं, हेही ठरलं. आणखी एक गोष्ट शलाकानं मागून घेतली. तपासणाऱ्या प्रत्येकानं एक आठवडा आरशात बसलं की पुढचा आठवडा खऱ्या हाका घ्यायच्या. इम्तियाजनं सगळ्यांत आधी आपलं नाव दिलं. पहिल्या दिवशी एका बाईच्या पोराला साधा ताप होता, तर हा घामानं भिजून गेला.

त्या गुरुवारी घरी गेल्यावर शलाकानं अबोलीला सगळं सांगितलं. उपदेश नाही, तात्पर्य नाही, घडलं तसं. ओठ काळे पडल्याचं सांगताना तिचा आवाज फाटला आणि तिनं तो सावरायचा प्रयत्न केला नाही. अबोली ऐकत होती. आजोबांचं हॅलो हॅलो आलं तेव्हा ती हसली, मग विचारात पडली. म्हणाली, "आई, मला त्या दोघींना बघायचंय."

रविवारी मायलेकी आंबेखोलला गेल्या. संगीताबाई अंगणातच होत्या, ठेंगण्या, काटक, बोलताना सतत हात चालणाऱ्या. शलाकाची ओळख पटताच त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमीच काय ता? माका विचारल्यात, खऱ्या आसास काय म्हणान?" आणि खो खो हसत सुटल्या. चहा झाला, भाजलेले काजूगर झाले. मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिका काय बोललास नाय मा?"

"नाही हो," शलाका म्हणाली.

मनीषाबाई कुंपणापलीकडच्या घरात होत्या. चेहऱ्यावरची सूज उतरली होती, हातावर डाग होते. त्यांनीही चहा दिला, आणि त्याही आवाज खाली आणून म्हणाल्या, "माका ठावक आसा, तिनाच बोलवल्यान. पण मी बोलाचंय नाय. आधी ती बोलांदे."

अबोलीनं आईकडे पाहिलं. दोघींनी मोठ्या मुश्किलीनं हसू दाबलं. निघताना त्यांनी वळून बघितलं, तर मनीषाबाई कुंपणाशी येऊन उभ्या होत्या आणि पलीकडच्या अंगणाकडे तोंड करून, कुणाला उद्देशून नाही अशा बेतानं, मोठ्यानं म्हणत होत्या की आज मासे स्वस्त मिळाले, फार आणले गेले, एकटीनं खायचे तरी किती.

परतीच्या फेरीबोटीला अवकाश होता. दोघी धक्क्यावर बसल्या. ओहोटी लागली होती, चिखलात बगळे उभे होते.

"आई," अबोली पाण्याकडे बघत म्हणाली, "मी महिनाभर गणिताच्या तासाला बसलेच नाही."

शलाकाच्या ओठांशी चार प्रश्न एकदम आले. तिनं ते येऊ दिले आणि जाऊ दिले. नुसती थोडी जवळ सरकली.

"सर फळ्यापाशी बोलावतात. गणित येत असतं मला. पण सगळे बघतात ना, मग कानात पाणी गेल्यासारखं होतं. एकदा मी तिथंच उभी राहिले, खूप वेळ. मागून कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. मग रोजच नाही. मी ना, बसस्टँडच्या मागे बसायचे, तिथं एक शेळीवाली येते..."

फेरीबोट आली. माणसं उतरली, दोन रिक्षा उतरल्या. चढणारे चढले. खलाशानं या दोघींकडे बघून "येताय ना?" असा हात केला. शलाकानं मान हलवून नाही म्हटलं.

बोट निघून गेली. अबोली शेळीवालीबद्दल सांगत होती, तिच्या शेळ्यांची नावं काय होती ते सांगत होती, आणि मध्येच थांबून डोळे पुसत होती. शलाका ऐकत होती. पुढची बोट तासाभरानं होती.